उतरताना धूर कशाला?

वडवणी,
१२ नोव्हेंबर २०२४

वैष्णवी,

आशीर्वाद हायेच. तो दर पत्रात मागू नको, शाई जाते.

फोनवर सांगून उपयोग न्हाई म्हणून लिहितोय. फोनवर तू 'हो काका, हो काका' करती आन् तिकडं कॉम्प्युटर बडवती, मला ऐकू येतं. हवाई दलात बावीस वर्षं विमानाच्या इंजिनाखाली काढली. तिथं एकच कायदा. जॉब कार्डावर लिहिलं न्हाई ते काम झालं न्हाई. नट आवळला, लिहा. आवळायचा राहिला, ते बी लिहा. तवा तू बी लिहूनच उत्तर देयाचं. आन् अक्षर मोठं काढ. मागच्या पत्रात अक्षरं होती का मुंग्या, काय कळंना.

टिटवी दुरुस्त झाली. दिवाळीची तू परत गेलीस आन् दुसऱ्याच दिवशी पडली. घारीनं झडप घातली. तिला वाटलं असंल आपल्या हद्दीत ही कोण नवी. सहा फुटाचं रिमोटचं विमान, पण बाभळीत अडकलं तवा फाटक्या पतंगासारखं लोंबत होतं. काढताना तुझ्या काकूची साडी फाटली, ते मी अजून ऐकतोय.

आता कामाचं. टिटवीला धूर बसवायचा हाय. कसरतीची विमानं मागं पांढरा पट्टा सोडत जातात, तसा. सव्वीस जानेवारीला, शाळेच्या मैदानावर. अकरा वर्षं झाली, झेंडावंदन झालं की मी टिटवी उडवतो. जानेवारीत निम्म्या लेकरांचे मायबाप ऊस तोडायला परगावी गेलेले असतात. त्यांची कवायत बघायला कुणी येत न्हाई. ती लेकरं टिटवीची वाट बघत बसतात. शहादेव सरांनी परवाच विचारलं, यंदा हाय ना? म्हणलं, हाय, धुरासकट हाय.

तू फवारणीच्या ड्रोनच्या कंपनीत हाय, तुला पंपाचं कळतं. काय काय लागंल ते सगळं लिही. घाई हाय. कावून म्हणून विचारू नको.

आसाराम काका


पुणे,
१९ नोव्हेंबर

काका,

नमस्कार घ्या, त्याला शाई कमी लागते.

धूर म्हणजे काही जाळायचं नसतं. तापलेल्या सायलेन्सरमध्ये तेलाची बारीक धार सोडायची, तेल वाफाळून मागून पांढरं बाहेर पडतं. काकूच्या तव्यावर तेल जास्त तापलं की सगळं घर खोकतं, तेच. त्यासाठी तेलाची वेगळी टाकी हवी. ती नाकात ठेवू नका, बरोबर पंखाखाली ठेवा, म्हणजे तेल संपत गेलं तरी टिटवीचा तोल बिघडणार नाही. छोटा पंप आणि तेल उलटं-सुलटं झिरपू नये म्हणून एक व्हॉल्व्ह बसच्या पार्सलनं पाठवते. सोबत नळीही पाठवते. सलाईनची नळी वापरू नका. तुम्ही तीच वापरणार हे मला माहिती आहे, तरी लिहिते. लिहिलं नाही ते झालं नाही ना!

तेल म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफीन.

आता नीट वाचा. सायलेन्सर तापल्याशिवाय धूर सोडायचा नाही. आणि रिमोटमध्ये अशी जोडणी करा की वेग कमी करताना थ्रॉटल निम्म्याच्या खाली आला की पंप आपोआप बंद. ती नसेल तर थंड सायलेन्सरमध्ये तेल साचतं, इंजिन गुदमरतं. हवेत गुदमरलं तर टिटवी टिटवी राहत नाही, धोंडा होते.

तेरा वर्षांची होते तेव्हा तुम्ही दोन रिमोटना वायर जोडून मला शिकवलंत. तुमच्या रिमोटवरचं बटण तुम्ही दाबून धरलं तोवर विमान माझं, सोडलं की तुमचं. माझ्या रिमोटच्या कांड्या एकदम मुक्या व्हायच्या आणि मी भोकाड पसरायचे. पण तेव्हा तुम्ही प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायचात. 'कावून विचारू नको' हे नवीनच ऐकते आहे.

वैष्णवी


वडवणी,
१ डिसेंबर

वैष्णवी,

नाथाच्या मेडिकलात गेलतो. लिक्विड पॅराफीनच्या सहा बाटल्या मागितल्या. नाथा माझ्याकडं बघतच राहिला. म्हणतो, 'काका, एक बाटली पंधरा दिवस पुरती. इतकं बांधलंय का पोट?' दुकानात चार माणसं उभी. म्हणलं, मला न्हाई, टिटवीला पाहिजे. आता गावभर झालंय की आसारामच्या घरी टिटवी नावाची कोण म्हातारी आलीय आन् तिला आठ दिवस झाले न्हाई.

सगळं बसवलं. नळी सलाईनचीच लावलती, वितळली. आता तुझी लावली. झालं समाधान?

काल अंगणात चालवून बघितली. पहिल्या टायमाला मी घाई केली, सायलेन्सर थंडच होता. तेल गळालं, इंजिन ठसकून बंद. दुसऱ्या टायमाला नीट तापवलं आन् सोडला धूर. पोरी, काय सांगू! आख्खी गल्ली गायब झाली. साखराबाईचं घर न्हाई, पिंपरणीचं झाड न्हाई, काही न्हाई. तेवढ्यात त्या धुरातून साखराबाई 'आग, आग' वरडत आली आन् भरलेली बादली टिटवीवर पालथी घातली. रिमोटचं यंत्र भिजलं असतं तर मी तिला माळावर उडवली असती. आता टिटवी दोन दिवस उन्हात वाळवावी लागंल.

आता तीन गोष्टी विचारतो. धूर अजून दाट कसा करायचा? पांढऱ्याऐवजी काळपट मिळतो का, ढग असले तर पांढरा हरवंल. आन् टाकी मोठी पाहिजे. चाक जमिनीवरून उचललं की धूर सुरू, तो शेवटपर्यंत पाहिजे.

तुझं अक्षर यावेळी बरं होतं. अजून मोठं काढ.

काका


पुणे,
८ डिसेंबर

काका,

तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचलं. साखराबाई आमच्याकडे आता फेमस आहे.

पण एवढा धूर कशाला हवाय? कसरतीची विमानंही दोन-तीन मिनिटं सोडतात, बंद करतात, पुन्हा सोडतात. त्यातच मजा असते. तुम्हाला आख्खी दहा मिनिटं धूर हवाय, दाट हवाय, वर काळा हवाय! शायनिंग मारायची ती किती मारावी माणसानं. शाळेची लेकरं आहेत का माशा, धुरानं हाकलायला?

काळा मिळत नाही. दाट हवा तर पंपाचा वेग थोडा वाढवा आणि तेल आधी सायलेन्सरभोवती तांब्याच्या नळीतून फिरवून तापवून घ्या. टाकी अर्ध्या लिटरची चालेल, त्याहून मोठी नाही. सकाळी नऊला ढग नसतात, काळजी करू नका.

आणि तुमचं अक्षर काय झालंय? एका पानावर सात ओळी, त्याही डोंगर चढल्यासारख्या वर वर जाणाऱ्या. पत्र आहे की दुकानाची पाटी?

वैष्णवी


वडवणी,
१७ डिसेंबर

वैष्णवी,

पेन जाड हाय. अक्षराला नावं ठेवू नको.

काल तेलगाव रोडच्या माळावर टिटवी उडवली, धुरासकट. लई दिवसांनी असं मोकळं उडवलं बघ. वर पांढरी रेघ पडत होती, कुठून आली, कुठं वळली, कुठं चालली, सगळं आभाळात लिहून ठेवल्यासारखं. दोन गिरक्या मारल्या. मी एकटाच होतो तरी टाळ्या वाजवल्या असत्या, पण हातात रिमोट होता.

एकच भानगड हाय. उतरायला थ्रॉटल खाली घेतला की तुझी ती जोडणी धूर बंद करती. नेमका उतरताना. मग टिटवी जरा लांब गेली, तुरीत उतरली. काही मोडलं न्हाई, एक चाक वाकलं.

तर ती जोडणी काढायची कशी ते लिही. मला उतरताना बी धूर पाहिजे. रिमोटच्या त्या यादीत बारीक बारीक अक्षरं हायेत, मला सापडंना. पाठ करून घेतो, तू फक्त बटणं सांग. वरचं किती टायमाला, खालचं किती टायमाला.

शहादेव सरांनी उसाच्या लेकरांना पहिल्या रांगेत बसवायचं ठरवलंय, चुन्याच्या रेषेच्या अगदी मागं. नीट दिसावं म्हणून.

लवकर लिही.

काका


पुणे,
२४ डिसेंबर

काका,

जोडणी काढायची नाही. कारण मी पहिल्याच पत्रात लिहिलं आहे. उतरताना इंजिन हळू चालतं, सायलेन्सर थंडावतो, तेल वाफाळत नाही, साचतं, आणि जमिनीपासून वीस फुटांवर इंजिन बंद पडतं. शिवाय उतरताना धूर कशाला?

हे वाक्य लिहून मी चहा करायला उठले आणि गाळणी हातात धरून तशीच उभी राहिले.

उतरताना धूर कशाला, काका? धूर असतो बघणाऱ्यांसाठी. उतरताना बघणारे विमानाकडे बघतात. तेव्हा धूर लागला तर एकाच माणसाला लागेल, उडवणाऱ्याला. आणि तोही कुणाला? ज्याला धुराच्या रेघेशिवाय विमान सापडत नाही त्याला.

मी तुमची सगळी पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे. 'अक्षर मोठं काढ.' 'अजून मोठं काढ.' सात ओळींचं पान. काळा धूर. रिमोटची यादी दिसत नाही. कुठून आली, कुठं चालली ते कळलं म्हणून झालेला तो आनंद! मी त्याला शायनिंग म्हणाले. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते आहे.

त्या बाभळीवर घार नव्हती ना?

टिटवी पाच किलोची आहे. पुढं पंखा फिरतो. चुन्याच्या रेषेमागं लेकरं बसणार आहेत. तुम्हीच मला शिकवलंत की विमान कुठं तोंड करून आहे हे एक क्षण कळलं नाही तर कांडीला हात लावायचा नाही, आणि गर्दीवर तर कधीच नाही.

फोन केला, तुम्ही उचलला नाही. काकूनं उचलला आणि 'रेंज न्हाई' म्हणून ठेवला. घरात बसून? मला खरं लिहा, काका. मला इथं काही सुचत नाही.

वैष्णवी


वडवणी,
२ जानेवारी २०२५

वैष्णवी,

चार पुस्तकं शिकली आन् काकाच्या डोळ्यात बोट घालायला निघाली व्हय? तू जन्मली न्हवती तवापासून मी विमानं हाताळतोय. उचलली जीभ लावली टाळ्याला.

घार होती. मी लिहिलंय घार होती.

माझ्या डोळ्याबद्दल मी एका तरी पत्रात काही लिहिलंय का? न्हाई. मग? लिहिलं न्हाई ते झालं न्हाई. विषय संपला.

सव्वीस तारखेला मी उडवणार हाय. त्या लेकरांना सांगितलंय. मायबाप महिन्याभरात भेटून जातो म्हणून गेले ते आले न्हाईत, आता मी बी फिरवू शब्द?

जोडणी मी दुसऱ्याकडून काढून घेतो.

आसाराम


वडवणी,
४ जानेवारी

वैष्णवीस,

मी मंगल काकू. मला पत्र लिहायची सवय न्हाई, चुकलं तर समजून घे. फोनवर बोलता येत न्हाई. हे कायम घरात असतात आन् ह्यांचे कान लई तिखट हायेत. साखराबाईच्या ओट्यावर बसून लिहितेय.

तू लिहिलं ते खरं हाय. मागच्या संक्रांतीपासून चाललंय. जिथं बघतात तिथंच मधोमध काळं दिसतं म्हणे, कडेचं दिसतं. मला हे एकदाच बोलले. मी दवाखान्याचं नाव काढलं की उठून विमानाजवळ जातात. चहात साखर समजून दोनदा मीठ टाकलं आन् तसाच पिले, पण कबूल केलं न्हाई. बाभळीवर घार न्हवती. मी तिथंच उभी होते.

कपिलधारला जाऊन देवाला नवस बोलून आले. पण मला एक सांग, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतंय का?

तुझं पत्र आलं तवा भिंग घेऊन चार वेळा वाचलं. मग जेवले न्हाईत. त्यांना मी लिहिलेलं कळू देऊ नको, आन् कळलं तरी कळू दे. तू ये.

तुझी काकू


पुणे,
१० जानेवारी

काका,

हे पत्र मोठ्या अक्षरात, जाड पेनानं लिहिते आहे. सात ओळींचं पान. तुमच्याकडूनच शिकले.

मला तुमचा राग आला आहे आणि तुमची भीती वाटते आहे. दोन्ही खरं आहे.

टिटवी उडू नये असं मी म्हणत नाही. लेकरांना शब्द दिला आहे, तो पाळायचा. पण एकट्यानं नाही. पत्र्याच्या पेटीत ती जुनी वायर असेल, मला शिकवायची. मी माझा रिमोट घेऊन येते. दोन्ही जोडू. बटण माझ्याकडे. उंचावर, धूर सुरू असताना, विमान तुमचं. मी बटण सोडलं की माझं. जमिनीवरून उचलताना आणि उतरवताना फक्त मी. जोडणी काढायची नाही.

काकूनं मला काही लिहिलं नाही.

आणि हे धमकी समजा. तुम्ही एकटे मैदानात उतरलात तर मी शहादेव सरांना सगळं सांगेन, सगळ्यांसमोर. तुम्ही परत माझं तोंड बघणार नाही, चालेल. त्या रांगेतलं एक लेकरू वाचलेलं बरं.

उत्तर पाठवा. हो किंवा नाही, एक शब्द.

वैष्णवी


पुणे,
१८ जानेवारी

काका,

उत्तर आलं नाही. रोज खाली जाऊन पत्रपेटी बघते, वॉचमन विचारतो, मॅडम कुणाचं लग्न जमतंय का. दोनदा इथल्या एस.टी. स्टँडपर्यंत जाऊन परत फिरले. मी पंचवीसच्या संध्याकाळी निघते, सकाळी थेट मैदानावर येते. घरी येत नाही. घरी आले तर आपण भांडू.

वैष्णवी


वडवणी,
२८ जानेवारी २०२५

वैष्णवी,

तू पोचलीस का, ते आधी लिही. बसमधून उतरली का न उतरली कळवत न्हाईस, काकू माझं डोकं खाती.

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं न्हाई. चार वेळा लिहायला बसलतो. 'हो' लिहिलं की हात थांबायचा, 'न्हाई' लिहिलं की काकू बघायची. मग वायर शोधली. ती सापडल्यावर वाटलं, आता लिहायची गरज काय. पंचवीस तारखेलाच सदऱ्याच्या खिशात घालून ठेवली. झेंडावंदन झालं, आन् तू गेटातून पाठीवर पिशवी घेऊन, भांडायच्या तयारीनं तणतणत येताना दिसली. म्हणजे पिशवी दिसली. तू काही बोलायच्या आत मी खिशातून वायर काढली. तुझं तोंड कसं झालं ते मला दिसलं न्हाई. काकू म्हणती, रडकं झालं.

आता जे झालं ते क्रमानं लिहितो, कारण ते कुठंतरी लिहिलेलं पाहिजे.

टिटवी तू उचलली. झकास उचलली. जरा जास्त ओढली, पण असू दे. मग धूर सोडला आन् म्हणलीस, 'घ्या, काका.' आभाळ निळं होतं. पांढरी रेघ. मी तिच्याकडं सरळ बघत न्हवतो, जरा कडेनं बघत होतो, तसं बघितलं की दिसतं. मी गिरकी मारली. लेकरांनी जो आवाज केला तो तू ऐकलाच. एक गिरकी अजून. मग मला वाटलं मी टिटवी माळाकडं वळवली. आन् एकदम कांड्या मुक्या झाल्या.

तू बटण सोडलं. मी बी तुला शिकवताना असंच सोडायचो. नंतर शहादेव सरांनी सांगितलं, टिटवी लेकरांच्या तोंडावर येत होती, ताईंनी वर उचलली, लेकरांना वाटलं तीच कसरत, सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडल्या.

त्यावेळी माझं काय झालं ते मी लिहीत न्हाई.

मग तू थ्रॉटल खाली घेतला. धूर बंद झाला आन् माझ्यासाठी टिटवी आभाळातून गेली. मी कान देऊन उभा राहिलो. इंजिनाची हळू फटफट. मग मुरमावर चाकं लागल्याचा आवाज, एकदा, मग परत, मग सरसर. ते चाक मी सरळ केलं होतं, बरं चालतंय. मी तुला म्हणलं, 'जरा लांब उतरवलीस.' तू म्हणलीस, 'चुन्याच्या रेषेपासून साठ पावलं, मोजा.' मी मोजली न्हाईत. तू म्हणती तर साठच असतील.

परवा बीडला डोळ्याच्या दवाखान्यात जायचं हाय. काकूला बरोबर नेतो. ती खूश हाय, नवी साडी नेसणार, आन् फाटलेलीची मला परत आठवण देणार. डॉक्टर काय म्हणतो ते लिहीन. तुझ्याकडं बघताना मधोमध तूच जाती, वेणी राहती. काकूचा बी पदर दिसतो, तोंड न्हाई. हे मी कुणाला सांगितलं न्हवतं.

आता जॉब कार्ड. फाडू नको, ठेव.

विमान: टिटवी.
काम: धूर बसवणे. झाले. जोडणी काढलेली न्हाई.
उडवणार: वैष्णवी.
शिकाऊ: आसाराम.
दोष: दोन्ही डोळे, मधोमध.
कधीपासून: मागच्या वर्षीच्या संक्रांतीपासून.
घार: न्हवती.
आधी का लिहिलं न्हाई: भ्यालतो.

खाली सही केलीय. ओळीवर हाय का ते बघून कळव.

आसाराम